सेवा-निरीक्षक आज्ञावली

संगणकावर चालणारी एखादी सेवा अपेक्षेप्रमाणे प्रतिसाद देते की नाही, हे ठराविक कालांतराने तपासून बिघाडाची सूचना देणारी आज्ञावली [⟶ संगणक]. तिचा साधा प्रकार चित्रमय पडद्याऐवजी कळफलकावरून दिलेल्या आदेशाने चालतो. व्यक्ती वा लहान संस्था स्वतःच्या संगणकावर सेवा चालवीत असेल, तर तो पुरेसा होतो.

त्र्यंबकेश्वर (जि. नाशिक) येथील तीर्थोपाध्याय यजमानांच्या वंशावळींच्या वह्या पिढ्यान्‌पिढ्या राखत आले आहेत. एखाद्या घराण्याने अशा वह्यांची प्रत घरच्या संगणकावर ठेवून ती परगावच्या यजमानांस पाहण्याची सोय केली, असे मानू. तेथे वीज गेली किंवा सेवा बंद पडली, तर कोणी तक्रार करीपर्यंत घरधन्यास त्याचा पत्ता लागत नाही. निरीक्षक ही उणीव भरून काढतो.

घटक : ठरलेल्या वेळी आदेश चालविणारी ‘क्रॉन’ ही आज्ञावली युनिक्स परिचालन प्रणालीच्या सातव्या आवृत्तीत (१९७९) होती. दूरच्या संगणकाचा प्रतिसाद अजमावणारी ‘पिंग’ ही आज्ञावली अमेरिकेतील मायकेल म्यूस यांनी १९८३ मध्ये लिहिली. पाण्याखालील वस्तूंचा ध्वनीने वेध घेणाऱ्या सोनार यंत्राच्या आवाजावरून तिला हे नाव मिळाले. युनिक्समध्ये प्रत्येक आदेश संपताना एक अंक मागे ठेवतो. शून्य म्हणजे यश आणि अन्य अंक म्हणजे अपयश. या संकेतामुळे छोटे आदेश एकमेकांस जोडून निरीक्षक तयार करता येतो.

तपासणीच्या पातळ्या : संगणक ‘पिंग’ला उत्तर देतो, एवढ्यावरून त्यावरील सेवा चालू आहे असे ठरत नाही. सेवेची प्रक्रिया जिवंत असूनही गोठलेली असू शकते. म्हणून प्रत्यक्ष पान मागवून यशदर्शक २०० हा संकेतांक आणि पानातील अपेक्षित मजकूर, असे दोन्ही पाहणे श्रेयस्कर असते. साठवण-चकतीवरील मोकळी जागा व सुरक्षा-प्रमाणपत्राची मुदतही तपासतात. या दोहोंमुळे येणाऱ्या अडचणीची पूर्वसूचना मिळू शकते.

जाळ्यातील क्षणिक अडथळ्यामुळे खोटी सूचना निघू नये, यासाठी सलग तीन अपयशांनंतरच सूचना धाडण्याची पद्धत आहे. तपासणी दर पाच मिनिटांनी होत असल्यास कायमचा बिघाड झाल्यावर साधारणतः १० ते १५ मिनिटांनी सूचना मिळते. मर्यादा याहून कमी केल्यास खोट्या सूचना वाढतात व माणूस त्यांकडे दुर्लक्ष करू लागतो.

मर्यादा : निरीक्षक त्याच संगणकावर असल्यास वीज जाताच तोही बंद पडतो, आणि त्याचे मौन सर्व ठीक असल्यासारखे भासते. म्हणून तो अन्य ठिकाणच्या संगणकावर ठेवतात. किंवा सेवेच्या संगणकाने ठराविक वेळी खुशालीचा संदेश पाठवावा आणि तो न आल्यास दुसऱ्या संगणकाने सूचना द्यावी, अशी उलट योजना करतात. निरीक्षक बिघाड कळवितो, गमावलेली माहिती परत आणत नाही. त्यासाठी वेगळ्या जागी राखीव प्रत ठेवावी लागते आणि ती उघडते की नाही, हेही अधूनमधून पाहावे लागते.