निळ्या काचेतला हिरवा सिग्नल

“सिग्नल पडला, गाडी येणार!” हे फलाटावर ऐकलेल्या सगळ्यांसाठी खुशखबर: लिलावाच्या भंगारातून आलेला माझा जुना हाताचा सिग्नल पुन्हा हलायला लागला! 🚂

हा लोअर क्वाड्रंट सेमाफोर. हात आडवा म्हणजे थांबा, खाली झुकला म्हणजे चला. टोकाला माशाच्या शेपटीसारखी खाच असती, तर तो पुढच्या सिग्नलची आगाऊ सूचना देणारा ठरला असता. याचं टोक सरळ, म्हणजे हा थांबवणाराच.

हात ज्या पिनेवर फिरतो, ती गंजून जाम झाली होती. चार दिवस डिझेलमध्ये भिजवली, मग लाकडी हातोडीनं हळूहळू सोडवली. घाई केली असती तर बीड तडकलं असतं.

खरी गंमत काचेत! ‘हिरवी’ काच हातात घेतली तर चक्क निळसर. रॉकेलच्या दिव्याची ज्योत पिवळी, म्हणून निळ्या काचेतून ती हिरवी दिसते. मी आधी पांढरा एलईडी लावला, तर सिग्नल निळा! पिवळसर बल्ब लावला आणि रंग जमला.

हात खाली ओढणारी तार तुटली तर? काचांची जड चौकट खाली येते आणि हात आपोआप आडवा होतो. बिघाड झाला तरी इशारा ‘थांबा’चाच हवा. जानेवारी १८७६ मध्ये इंग्लंडमधल्या ॲबट्स रिप्टनला बर्फामुळे हात ‘चला’वरच अडकले आणि गाड्या धडकल्या. हा धडा तिथला.

तुमच्या गावच्या स्टेशनावर असा हात होता का? आठवणी सांगा!

#सेमाफोर #जुनीरेल्वे