चौथं बाड

लंडनच्या ‘दि इंडिपेंडंट’ या दैनिकात काम करणारी एक बाई नोकरी सांभाळून कादंबऱ्या लिहीत होती. तीन लिहून झाल्या, तिन्ही साभार परत आल्या. चौथी परत आली तर हा नाद सोडायचा, असं तिनं स्वतःशी ठरवून टाकलं. दुसरं मूल वाटेवर होतं आणि नोकरी सोडावी अशीही काही वाईट नव्हती. चौथ्या बाडाची पहिली तीन प्रकरणं प्रकाशकांकडे गेली आणि सहा जणांत बोली लागली. ‘शेल्टरिंग रेन’ ही ती कादंबरी २००२ मध्ये आली. लेखिकेचं नाव जोजो मॉइस. त्याच वर्षी तिनं पत्रकारिता सोडली.

इथं थांबलं तर छान परीकथा होते. मला मात्र रस आहे तो बोली लागण्याआधीच्या दहा वर्षांत आणि नंतरच्याही दहा वर्षांत. कारण ज्या पुस्तकानं तिचं नाव घराघरांत नेलं ते ‘मी बिफोर यू’ आलं २०१२ मध्ये, आणि ते तिचं नववं पुस्तक होतं. आधीच्या आठांना वाचक नव्हते असं नाही, पण घर चालेल आणि पुढच्या कराराची काळजी मिटेल इतके नव्हते. नववी कादंबरी तिनं हातात करार नसतानाच लिहायला घेतली.

मॉइसचा जन्म १९६९ चा, वाढली लंडनमध्ये. पत्रकार होण्याआधी तिनं जी कामं केली त्यांची यादी एखाद्या विनोदी कादंबरीतली वाटावी. टॅक्सी कंपनीच्या फोनवर बसून गाड्या कुठे धाडायच्या ते सांगणं, एका बँकेच्या अंध खातेदारांसाठी हिशेबाची पत्रकं ब्रेलमध्ये टंकणं, तरुण पोरापोरींना सहलीला नेणाऱ्या कंपनीची माहितीपत्रकं लिहिणं. यातलं ब्रेलचं काम माझ्या मनातून जात नाही. दुसऱ्याच्या खात्यातली शिल्लक टिंबाटिंबानं कागदावर उमटवायची आणि त्या माणसाचा चेहरा कधीच पाहायचा नाही. पुढे तिच्या कादंबऱ्यांमधून पैशांची चणचण ज्या तपशिलानं येते (भाडं किती, पगार किती, आठवड्याला हातात किती उरतं), तो तपशील अशा नोकऱ्यांतूनच आला असावा असं मला वाटतं. लुइसा क्लार्क ही ‘मी बिफोर यू’ची नायिका प्रेमात पडण्याआधी बेकार होते. ती काम करत असलेलं चहाचं दुकान बंद पडतं आणि घरी तिच्या पगाराची गरज असते. प्रेम नंतर येतं.

१९९२ मध्ये ‘इंडिपेंडंट’नं दिलेल्या शिष्यवृत्तीवर तिनं लंडनच्या सिटी युनिव्हर्सिटीत वृत्तपत्रविद्येचा अभ्यासक्रम केला आणि त्याच पेपरात लागली. मधलं हाँगकाँगमधलं एक वर्ष सोडलं तर दहा वर्षं तिथंच. १९९८ मध्ये ती सहायक वृत्तसंपादक झाली, शेवटी कला आणि माध्यमांची वार्ताहर.

वृत्तसंपादकाच्या टेबलाशेजारी ज्यानं एक पाळी काढली आहे त्याला हे काम काय करतं ते सांगायला नको. मी स्वतः मराठी दैनिकाच्या डेस्कवर काही वर्षं काढली. रात्री अकराच्या सुमाराला पान लागत असताना चौकटीत बसत नाही म्हणून बातमीचा शेवटचा परिच्छेद उडवायचा, हे आमचं रोजचं काम. शेवटचा परिच्छेद म्हणजे बहुधा घरच्यांचं म्हणणं. अपघात, आकडा, पोलीस ठाणं, गुन्ह्याचं कलम हे सगळं वर राहायचं आणि मृताची आई काय म्हणाली ते कात्रीखाली जायचं. तक्रार नाही, जागाच तेवढी असते. पण असे परिच्छेद डोक्यात साठत जातात आणि काही माणसांना ते झोपू देत नाहीत.

त्याच पेपरात, त्याच वर्षांत, आणखी एक गंमत चालू होती. २८ फेब्रुवारी १९९५ पासून ‘इंडिपेंडंट’मध्ये ब्रिजेट जोन्स नावाच्या बाईची रोजनिशी सुरू झाली, लेखिकेच्या नावाविना. संपादकांनी हेलन फील्डिंगला लंडनमधल्या एकट्या बाईचं आयुष्य स्वतःच्या नावानं लिहायला सांगितलं होतं. तिला ते भलतंच लाजिरवाणं वाटलं, म्हणून तिनं पात्र उभं केलं. १९९६ मध्ये त्याची कादंबरी झाली आणि २००१ मध्ये सिनेमा. त्याच्या पटकथेत फील्डिंगसोबत अँड्र्यू डेव्हिस आणि रिचर्ड कर्टिस होते. कथानकाचा सांगाडा तिनं जेन ऑस्टिनकडून उसना घेतला होता आणि तसं उघड कबूलही केलं होतं. एकाच वृत्तपत्रातून दोन प्रेमकथाकार निघाल्या, पण वाटा वेगळ्या. फील्डिंगनं स्तंभाचाच आवाज कादंबरीत नेला. मॉइसनं बातमी उचलली आणि तिच्यातला उडवलेला परिच्छेद लिहून काढला.

‘दि शिप ऑफ ब्राइड्स’ (२००५) हे त्याचं सरळ उदाहरण. १९४६ मध्ये ‘एचएमएस व्हिक्टोरियस’ या विमानवाहू युद्धनौकेवरून ६५५ ऑस्ट्रेलियन नववधू इंग्लंडला निघाल्या, युद्धात लग्न केलेल्या ब्रिटिश नवऱ्यांकडे. मॉइसची आजी अशाच वधूंपैकी. इतिहासाच्या पुस्तकात ही एक ओळ, फार तर बंदरावरचा एक फोटो. मॉइसला लिहायचे होते ते मधले आठवडे. खाली विमानांच्या जागेत पोरींच्या खाटा, वर शेकडो खलाशी, आणि अधूनमधून एखादीच्या नावे नवऱ्याची तार यायची धास्ती, की येऊ नकोस. आपल्याकडच्या वाचकाला चटका लागावा अशी या कादंबरीची सुरुवात भारतातली आहे. जहाजं तोडण्याच्या यार्डात एका म्हातारीला आपली जुनी बोट दिसते, अर्धी कापलेली.

प्रेमकथेला साहित्याच्या पंगतीत बसवताना जी खळखळ होते ती इंग्लंडमध्येही आहे. तिथल्या प्रणय-कादंबरीकारांनी १९६० मध्ये आपली स्वतंत्र संघटना काढली ती काही हौसेखातर नव्हे. मॉइसला या संघटनेचा वर्षातल्या सर्वोत्तम कादंबरीचा पुरस्कार दोनदा मिळाला, २००४ मध्ये ‘फॉरिन फ्रूट’साठी आणि २०११ मध्ये ‘दि लास्ट लेटर फ्रॉम युवर लव्हर’साठी. आपल्याकडे प्रेमकथा लिहिणाऱ्या चंद्रकांत काकोडकरांना काय मिळालं? पुण्याच्या ‘रंभा’च्या १९६२ च्या दिवाळी अंकातल्या ‘श्यामा’ या कथेपायी अश्लीलतेचा खटला, जो थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६९ मध्ये ते सुटले, आणि त्याच वर्षी त्यांच्या ‘नीलांबरी’ या कादंबरीवरचा ‘दो रास्ते’ हा सिनेमा देशभर लागला. दिवाळी अंकात हे लिहिताना जरा गंमत वाटते.

‘दि लास्ट लेटर’चं बी कानावर पडलेल्या गप्पांत होतं. शेजारच्या टेबलावरच्या काही मुली मोबाइलवर आलेल्या चार अक्षरी निरोपाचा अर्थ लावत बसल्या होत्या. त्यानं ‘नंतर’ लिहिलंय म्हणजे नेमकं काय? त्यातून मॉइसला प्रश्न पडला की पूर्वीच्या माणसांनी हेच कसं लिहिलं असतं. मग तिनं लोकांकडून त्यांची खरीखुरी अखेरची पत्रं, मेल, निरोप मागवले आणि प्रकरणांच्या माथ्यावर ते लावले. हे पक्कं बातमीदाराचं काम. कथाही वृत्तपत्राच्या कचेरीतली आहे. नव्या इमारतीत हलणाऱ्या पेपराच्या जुन्या कात्रणांच्या खोलीत एका पत्रकार मुलीला १९६० मधलं प्रेमपत्र सापडतं. कात्रणांचा तो वास, पिवळट पाकिटं, संदर्भ विभाग सांभाळणारा मितभाषी माणूस ही त्या कादंबरीतली मला सर्वांत आवडलेली जागा. नायक-नायिकेपेक्षाही जास्त, हे कबूल करतो.

आणि मग ती बातमी. इंग्लंडमधला एक तरुण रग्बी खेळाडू सरावात मानेला इजा होऊन लुळा पडला आणि २००८ मध्ये आईवडिलांच्या सोबतीनं स्वित्झर्लंडला जाऊन त्यानं मरण पत्करलं. मॉइसनं ते रेडिओवर ऐकलं. तिची पहिली प्रतिक्रिया कुठल्याही आईची होती : पोटच्या पोराला असं कोण नेऊन सोडतं? तिनं वाचायला घेतलं आणि तिची ती ठाम खात्री ढासळत गेली. तिच्या स्वतःच्या नात्यातही तेव्हा चोवीस तास शुश्रूषा लागणारी माणसं होती. त्यातून विल ट्रेनर उभा राहिला, मोटारसायकलच्या धडकेनं मानेखाली निकामी झालेला आणि तसंच मरण हवं असलेला. आणि त्याची सहा महिन्यांची सोबतीण लुइसा, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या पायमोज्यांची.

इथं मुंबई आठवल्याशिवाय राहत नाही. केईएम रुग्णालयातल्या, अनेक वर्षं अंथरुणाला खिळलेल्या परिचारिका अरुणा शानबाग यांची कहाणी पिंकी विराणी या पत्रकार बाईंनी १९९८ मध्ये पुस्तकातून मांडली आणि पुढे दयामरणाचा अर्ज घेऊन त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. ७ मार्च २०११ च्या निकालात अर्ज फेटाळला गेला, पण कृत्रिम आधार काढून घेण्याची वाट काही अटींवर मोकळी झाली. जवळजवळ एकाच सुमाराला दोन पत्रकार एकाच प्रश्नाशी भिडल्या. एकीनं तो न्यायाधीशांपुढे ठेवला, दुसरीनं प्रेमकथेत. मधे २०१० मध्ये संजय लीला भन्साळींनी गोव्यात बेतलेला ‘गुजारिश’ हा सिनेमाही केला, पण त्यातला जादूगार इतका देखणेपणानं झिजतो की अंगाखालची ओली चादर कुणी बदलली हा प्रश्नच पडत नाही. मॉइसला तो पडतो. विलच्या अंगाचा ताप, मूत्रनलिका, भरवायचा घास, वेळापत्रक लावून द्यायची औषधं, हे सगळं तिच्या प्रेमकथेत आहे.

पुस्तकाच्या १ कोटी ४० लाखांहून अधिक प्रती गेल्या. सिनेमाची पटकथा तिनं स्वतः लिहिली, श्रेयनामावलीत तिचं एकटीचं नाव आहे. थिया शॅरॉक दिग्दर्शक, एमिलिया क्लार्क आणि सॅम क्लॅफ्लिन मुख्य भूमिकांत, आणि कादंबरीतल्या किल्ल्याच्या गावासाठी वेल्समधलं पेम्ब्रोक. सिनेमानं जगभरात सुमारे २० कोटी डॉलर मिळवले. कादंबरीकारानं आपल्याच पुस्तकाची पटकथा करणं म्हणजे आपल्याच बातमीला कात्री लावणं. पुस्तकात बहुतेक निवेदन लुइसाचं असलं तरी एकेक प्रकरण विलची आई, बाप, परिचारक आणि लुइसाची बहीण बोलतात. पडद्यावर ते गेलं. विलची बहीण गेली. किल्ल्यातल्या भुलभुलैयात लुइसाच्या वाट्याला तरुणपणी जे आलं, ज्याच्यामुळे ती त्या गावात अडकून पडली आहे, तेही गेलं. डेस्कवरचा माणूस म्हणून मी दाद देतो. दोन तासांत चौकट बसवली आहे.

पण आणखी एक गोष्ट गेली, आणि ती महाग पडली. पुस्तकात लुइसा इंटरनेटवर विलसारखंच शरीर घेऊन जगणाऱ्या माणसांशी बोलते. त्यांतले काही रागावतात, काही तिला समजावतात, काही म्हणतात आम्ही बरे आहोत. पडद्यावर या माणसांना जागा उरली नाही. २०१६ मध्ये लंडनमधल्या पहिल्या खेळाला चाकाच्या खुर्चीतली माणसं निदर्शनं करत बाहेर उभी होती. त्यांचं म्हणणं सरळ होतं : आमच्यासारखं जगण्यापेक्षा मरण बरं, असं हा सिनेमा सांगतो, आणि तेही धडधाकट नटाकडून. मला हा आरोप पुस्तकावर अर्धामुर्धा लागू वाटतो, सिनेमावर बराचसा. उडवला गेला तो पुन्हा शेवटचाच परिच्छेद होता.

२०२१ मध्ये ‘दि लास्ट लेटर’चा नेटफ्लिक्सवर सिनेमा आला तेव्हा पटकथा निक पेन आणि एस्टा स्पॉल्डिंग यांनी लिहिली. तिच्या पुस्तकातली कात्रणांची खोली पडद्यावर आली, पण तोवर ‘इंडिपेंडंट’ कागदावर उरला नव्हता. त्याचा शेवटचा छापील अंक २६ मार्च २०१६ चा, ‘मी बिफोर यू’ लागण्याच्या दहा आठवडे आधीचा.

नेटफ्लिक्सवरच्या त्या सिनेमाआधी, २०१९ मध्ये, मॉइसची ‘दि गिव्हर ऑफ स्टार्स’ आली होती. १९३५ ते १९४३ या काळात अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगरी वस्त्यांवर सरकारी योजनेतून घोड्यांवर पुस्तकं नेऊन देणाऱ्या बायकांची ही गोष्ट तिला एका मासिकातल्या लेखात, जुन्या फोटोंसह सापडली. लेख वाचून ती केंटकीला गेली. एकदा नव्हे, अनेकदा. डोंगराच्या उतारावरच्या छोट्या लाकडी घरात राहिली, तिथल्या लोकांचं बोलणं ऐकत बसली आणि त्या बायका ज्या वाटांनी गेल्या असतील त्या वाटांवर घोड्यावरून फिरली.