विश्लेषण : धडक छोट्या गाडीची, तरी ट्रकचालक जायबंदी का होतो?

ट्रक आणि मोटारीच्या अपघाताच्या बातमीत ट्रकचालकाला बहुधा एकच ओळ मिळते : ‘किरकोळ जखमी’ किंवा ‘फरार’. १९ जानेवारी २०२३ रोजी मुंबईहून गुहागरकडे निघालेल्या व्हॅनची माणगावजवळ रेपोली येथे ट्रकशी धडक झाली. त्यात किमान नऊ जणांचा जीव गेला आणि ते सारे व्हॅनमधले होते. त्यामुळे मोठ्या गाडीत बसलेला माणूस सुरक्षित, असा समज पक्का झाला आहे. रस्ता सोडून ट्रक खाली गेला की मात्र हे गणित उलटते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशभरातील अपघातांत ट्रकमधील दहा हजारांहून अधिक जण दगावले. एकूण अपघाती मृत्यूंच्या हे सुमारे सहा टक्के.

पहिल्या धडकेत काय होते?

२५ टनांचा भरलेला ट्रक आणि एक टनाची मोटार, दोन्ही ताशी ५० किलोमीटर वेगाने समोरासमोर आदळल्या असे धरू. ट्रकचा वेग जेमतेम ४ किलोमीटरने कमी होतो, मोटारीचा मात्र जवळपास ९६ किलोमीटरने बदलतो. म्हणजे धडकेचा हिसका ट्रकचालकाला फारसा जाणवतही नाही.

मग इजा कशाने होते?

धडकेनंतरच्या काही सेकंदांत. मोटार ट्रकच्या बंपरखाली घुसली की पुढचे चाक, स्टेअरिंगचे रॉड, ब्रेकचे पाइप यांनाच मार बसतो. चाक फुटते किंवा एका बाजूला अडकते आणि २५ टनांचे धूड चालकाच्या हातात राहत नाही. दुसरी शक्यता आणखी नेहमीची. समोर अचानक आलेल्या दुचाकीला वाचवण्यासाठी चालक झटक्यात स्टेअरिंग फिरवतो, धडक निसटती होते, पण गाडी साइडपट्टीवर उतरते आणि कलंडते. टँकर अर्धा भरलेला असेल तर आतला द्रव एका बाजूला उसळून उलटण्याला हातभारच लावतो. जांभा चिऱ्याच्या ट्रकमध्ये मागचा माल केबिनवर येतो.

आपल्याकडच्या बहुतेक ट्रकचे तोंड चपटे असते. चालकाच्या गुडघ्यांपुढे फक्त पत्रा आणि डॅशबोर्ड. त्यामुळे गाडी झाडावर, कठड्यावर किंवा दरडीवर आदळली की मांडी, गुडघा, घोटा यांची हाडे मोडतात, पाय अडकतात. स्टेअरिंगचे चाक छातीत, पोटात घुसते. फासळ्यांबरोबर यकृत, प्लीहा यांना इजा झाली तर वरून काहीच दिसत नाही, रक्तस्राव आत सुरू असतो. गाडी उलटली तर मान आणि मणका.

रत्नागिरीत धोका जास्त का?

कशेडी, भोस्ते, परशुराम, आंबा. या घाटांत रस्त्याबाहेर जाणे म्हणजे एका बाजूला दरड, दुसऱ्या बाजूला दरी. कशेडीला बोगद्याचा पर्याय मिळाला, बाकी वळणे आहेत तिथेच आहेत. काँक्रीटचा रस्ता उंच आणि बाजूची लाल माती पावसाने भुसभुशीत, अशा ठिकाणी एक चाक खाली गेले की भरलेली गाडी परत वर घेणे कठीण. घाईने वर ओढायला जावे तर ती उलट्या बाजूला आडवी होते. २२ सप्टेंबर २०२२ रोजी लांज्याजवळ अंजणारी पुलावरून गॅसचा टँकर काजळी नदीत कोसळला आणि चालकाचा मृत्यू झाला. रस्ता सुटल्यावर गाडीचा आकार कामी येत नाही, ते तिथे दिसले.

केबिन आणि सीटबेल्ट

१ ऑक्टोबर २०२५ नंतर बनलेल्या मध्यम व अवजड मालट्रकच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे झाले. ते हवेच होते. पण रस्त्यावर आजही जुन्या गाड्या मोठ्या संख्येने आहेत आणि त्यातल्या कित्येकांच्या केबिन नुसती चासी घेऊन बाहेर लाकूड-पत्र्यात बांधून घेतलेल्या आहेत. अशी केबिन उलटल्यावर दबते.

बेल्ट न लावल्यास हजार रुपये दंड आहे, तरी अनेक चालक तो टाळतात. वेळ आली तर उडी मारता येईल, हा त्यामागचा हिशेब. तो चुकीचा आहे. कलंडणाऱ्या गाडीतून बाहेर पडलेला माणूस बहुधा तिच्याच खाली सापडतो. चेपलेल्या केबिनमध्ये बेल्ट पुरेसा पडत नाही हे खरे, पण केबिन शाबूत असेल तर तोच चालकाला आत धरून ठेवतो.

अपघातानंतर काय?

पाय अडकलेल्या चालकाला ओढून काढू नये. पाय बराच वेळ चिरडलेला असेल, तर सुटका होताच प्रकृती ढासळू शकते. म्हणून पत्रा कापण्याआधी १०८ रुग्णवाहिकेचे डॉक्टर शेजारी हवेत. जिल्ह्यात शासकीय रुग्णालय आहे, डेरवणला वालावलकर रुग्णालय आहे, पण डोक्याच्या किंवा मणक्याच्या गुंतागुंतीच्या दुखापतीत अनेकदा कोल्हापूर किंवा मुंबई गाठावी लागते. मे २०२५ पासूनच्या केंद्राच्या योजनेत अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख न भरता मिळतात. ट्रकचालकही त्यात बसतो, चूक कोणाचीही असो. पगारी चालकासाठी वाहनाच्या विम्यातून कामगार भरपाईचा दावाही करता येतो. कुटुंबांना हे बहुधा माहीतच नसते.

राहिला जमाव. छोट्या गाडीतला कुणी गेला की जखमी ट्रकचालकाला मारहाण होते, चूक कोणाची हे कळायच्या आधीच. मोटार वाहन कायद्याचे कलम १३४ जखमींना मदत करण्याचे बंधन चालकावर घालते, पण जमावाच्या रोषामुळे ते शक्य नसेल तर सूटही देते. जानेवारी २०२४ मध्ये चालकांनी संप केला तो पळून जाणाऱ्यास दहा वर्षांपर्यंतच्या कैदेच्या तरतुदीवरून. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ ला लागू झाली तेव्हा कलम १०६(२) तेवढे बाजूला ठेवण्यात आले. थांबावे तर मार, पळावे तर गुन्हा. हातपाय मोडलेल्या चालकाला मात्र यातली निवडही नसते.