महसीरला नदी हवी

दख्खनच्या महसीरवर लिहायचे तर सुरुवात सायक्सपासून करायची रीत आहे, ती पाळतो. पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या या माशाचे वर्णन कर्नल सायक्सने १८३९ साली प्रसिद्ध केले. पुढे विद्वानांनी खवले मोजले, ओठांच्या जाडीवरून जाती पाडल्या आणि पुन्हा एक केल्या. त्या वादांची कागदपत्रे ग्रंथालयात आहेत, ज्याला हौस आहे त्याने ती पाहावीत.

माझा जीव अडकला आहे तो या माशाच्या अंड्यात. आषाढ-श्रावणात ओढे भरून वाहू लागले की जाणती मादी धारेविरुद्ध वर चढते आणि गोट्यांच्या उथळ तळावर अंडी सोडते. कटला-रोहूची अंडी लाखांनी, आणि ती एका दिवसाच्या आत फुटतात. महसीरची अंडी मोजकी, मोठी, बलकाने भरलेली. ती तळाशी बसतात आणि फुटायला तीनेक दिवस घेतात. बाहेर आलेले पिल्लूही लगेच पोहत नाही. बलकाची जड पिशवी सांभाळत, गोट्यांच्या सांदीत डोके खुपसून ते काही दिवस पडून राहते. मत्स्यशास्त्रज्ञ सी. व्ही. कुलकर्णी यांनी हे सारे बारकाईने नोंदवले. त्यांनी आणि त्यांचे सहकारी ओगले यांनी लोणावळ्याला टाटांच्या केंद्रात महसीरची पैदास करून दाखवली. ही अंडी ओल्या कापसात ठेवून विमानाने पाठवता येतात, हेही त्यांनी १९७९ साली मांडले. अंडे सावकाश वाढते म्हणूनच ते जमले.

पण हाच सावकाशपणा नदीत जिवावर बेततो. तेवढ्या दिवसांत गोट्यांवर गाळ बसला, कुणी वाळू-गोटे उपसले, की ते साल वाया गेले.

इथे माझे काही मंडळींशी जुने भांडण आहे. पिल्ले तयार करून धरणात सोडली की संवर्धन झाले, असे ते आजही सभांतून सांगतात. धरणात मासा वाढेल, पण वर चढायला ओढा नसेल तर अंडी घालणार कुठे? आणि कुठलीही पिल्ले कुठेही सोडण्याचे फळ कावेरीत दिसते आहे. तिथे आपला दख्खनी महसीर बाहेरून नेऊन सोडला गेला. कावेरीचा स्वतःचा कुबडा महसीर आज नामशेष होण्याच्या कडेला आहे, आणि २०१८पर्यंत त्याची शास्त्रीय ओळखही नक्की झालेली नव्हती.

दुसरे भांडण देवाच्या डोहांवरून. महाडजवळ काळ नदीवरचे वाळणकोंड किंवा वाड्याकडे वैतरणेवरचे तिळसे पाहून ‘श्रद्धेचा भाग’ म्हणत हात झटकणाऱ्यांना मी कायम विरोध केला आहे. उन्हाळ्यात धार तुटते, तेव्हा मैलोन्‌मैल नदीतले जाणते मासे एकेका डोहात गोळा होतात. जिलेटिनची एक कांडी टाकली की पुढच्या कित्येक वर्षांची वीण संपते. त्या काळात त्यांना राखले ते देवाच्या धाकाने. एकाही सरकारी फलकाला हे जमलेले मी पाहिलेले नाही.

मात्र डोह म्हणजे अर्धी राखण. पहिल्या पावसात वलगणीच्या, म्हणजे धारेविरुद्ध वर चढणाऱ्या, माशांवर गाव तुटून पडते, तेव्हा डोहात जपलेली मादी वरच्या ओढ्यात काठीखाली येते. पूर्वी हाती काठ्या आणि पागेर, म्हणजे फेकायचे जाळे, असायचे, काही मासे निसटायचे. आता ओढ्यात विजेची तार सोडतात, त्यातून बोटभर पिल्लूही सुटत नाही. डोहांचीही राखण सगळीकडे टिकलेली नाही, इंद्रायणीचे तर बोलायलाच नको. देहू-आळंदीच्या डोहांत यात्रेकरू माशांना लाह्या टाकत. आज त्याच पाण्यावर जलपर्णी आणि फेस दिसतो.

म्हणून माझी मागणी जुनीच आहे. प्रत्येक राखीव डोहाबरोबर त्याच्या वरचा विणीचा ओढाही राखीव करा. ज्येष्ठ ते भाद्रपद तिथे जाळे नको, तार नको आणि एक गोटाही उचलायला नको. एवढे केले तर मासा आपली संख्या स्वतः वाढवील. हे करायचे नसेल, तर पिल्ले सोडण्याच्या समारंभांवरचा खर्चही थांबवावा.