भर समारंभात चेन तुटते तेव्हा...

कोट्यवधी प्रेक्षक डोळे लावून बसलेले असताना कपड्यांनीच दगा दिला तर? ऑस्करच्या मंचावर अशी फजिती कुणाकुणाची झाली, त्यांनी ती कशी निभावून नेली आणि बघणाऱ्यांनी त्यावर काय काय शेरे मारले, याचा हा मजेदार आढावा.

तारीख १० मार्च २०२४. लॉस एंजेलिसच्या डॉल्बी थिएटरमध्ये ९६ वा ऑस्कर समारंभ शेवटच्या टप्प्यात आला होता. भारतात तेव्हा ११ मार्चची सकाळ होती. पहाटे साडेचारला सुरू झालेला हा सोहळा हौशी मंडळी डोळे चोळत पाहत होती. सर्वोत्कृष्ट अभिनेत्री म्हणून 'पुअर थिंग्ज' या चित्रपटासाठी एमा स्टोनचे नाव पुकारले गेले. टाळ्यांचा कडकडाट झाला. एमा उठली, पण तिच्या चेहऱ्यावर आनंदापेक्षा घाबरगुंडीच जास्त दिसत होती. मंचावर येताच तिने पाठीकडे बोट दाखवत काहीतरी सांगायला सुरुवात केली.

झाले होते असे की तिच्या फिकट हिरव्या गाऊनची पाठीमागची चेन तुटली होती! मंचावर पुरस्कार द्यायला आधीच्या पाच विजेत्या अभिनेत्री उभ्या होत्या. त्यांना तिने आधी आपली अडचण सांगितली आणि मग ध्वनिक्षेपकासमोर येऊन साऱ्या जगालाही सांगून टाकली. हा घात बहुधा 'आय'म जस्ट केन' या गाण्याच्या वेळी झाला असावा, असा तिचा अंदाज होता. 'बार्बी' चित्रपटातले हे गाणे रायन गॉसलिंगने थोड्या वेळापूर्वीच दणक्यात सादर केले होते. गाता गाता तो प्रेक्षकांत उतरला आणि 'ला ला लँड'मधली आपली जुनी नायिका एमा हिच्यासमोरही त्याने माइक धरला. बाईसाहेब रंगात आल्या आणि गाऊनने राम म्हटला!

एवढे होऊनही एमाने भाषण आटोपते घेतले नाही. हा पुरस्कार आपल्या एकटीचा नाही, सगळ्या चमूचा आहे, असे तिने सांगितले. तीन दिवसांनी तीन वर्षांची होणाऱ्या आपल्या लेकीची आठवण काढताना तिचा गळा दाटून आला. निघताना मात्र, कृपा करून माझ्या पाठीकडे बघू नका, अशी विनंती करायला ती विसरली नाही. पडद्यामागे गेल्यावर सुई-दोरा घेऊन तिचा गाऊन तिच्या अंगावरच शिवण्यात आला.

जितकी तोंडे तितकी मते

पुरस्कार सोहळा म्हटला की मतमतांतरे आलीच. त्या वर्षी तर वादाला भरपूर खाद्य होते. 'किलर्स ऑफ द फ्लॉवर मून'मधील लिली ग्लॅडस्टोन ही अमेरिकेच्या मूळ रहिवासी समाजातून सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीच्या नामांकनापर्यंत पोहोचलेली पहिली अमेरिकन अभिनेत्री. गोल्डन ग्लोब आणि अभिनेत्यांच्या संघटनेचा पुरस्कार तिने आधीच पटकावला होता. त्यामुळे ऑस्करही तिलाच मिळायला हवे होते, असे अनेकांचे म्हणणे पडले. दुसरी बाजू म्हणत होती की एमाने साकारलेली बेला बॅक्स्टर, मोठ्या बाईच्या शरीरात लहान मुलाची बुद्धी असलेली ती नायिका, अभिनयाचा कस पाहणारी होती आणि बाफ्टा पुरस्कार तिलाच मिळाला होता.

आणखी एक गंमत पाहा. 'बार्बी'ची दिग्दर्शिका ग्रेटा गर्विग हिला दिग्दर्शनाचे आणि बार्बी झालेल्या मार्गो रॉबीला अभिनयाचे नामांकन मिळाले नाही. केन झालेल्या रायन गॉसलिंगला मात्र ते मिळाले. जो चित्रपट पुरुषी वर्चस्वाची टिंगल करतो, त्याच्याच बाबतीत असे घडावे, याची चर्चा जगभर झाली. मराठी प्रेक्षकांसाठी त्या सोहळ्यात एक हळवा क्षणही होता. दिवंगत कलावंतांना श्रद्धांजली वाहताना 'लगान', 'जोधा अकबर'चे कला दिग्दर्शक नितीन चंद्रकांत देसाई यांचे छायाचित्र त्या पडद्यावर झळकले.

इतके सगळे घडले, पण दुसऱ्या दिवशी गप्पांमध्ये पहिला विषय कोणता? तुटलेली चेन!

बेल बॉटमचा घोटाळा

ऑस्करच्या मंचाला अशा फजितीची सवय जुनीच आहे. १९६९ साली इतिहासात क्वचित घडणारी गोष्ट घडली. सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीच्या पुरस्कारासाठी 'द लायन इन विंटर'ची कॅथरीन हेपबर्न आणि 'फनी गर्ल'ची बार्ब्रा स्ट्रायसँड या दोघींना समान मते पडली. हेपबर्न समारंभाला आलीच नव्हती. बार्ब्रा मात्र फॅशन डिझायनर अर्नोल्ड स्कासीने बनवलेला चमचमत्या टिकल्यांचा काळा बेल बॉटम सूट घालून आली होती. पायऱ्या चढताना पँटचा तो भलामोठा घोळ पायात आला आणि ती अडखळली. हे कमी होते म्हणून की काय, प्रखर दिव्यांच्या झोतात तो सूट पारदर्शक दिसू लागला. आतमध्ये अस्तर होते, पण कॅमेऱ्याला ते दिसेल तर ना! बार्ब्राला याची कल्पनाच नव्हती. पुढे कित्येक वर्षे त्या पुरस्काराचा विषय निघाला की आधी त्या सूटचाच उल्लेख होत राहिला.

बावीस वर्षांची विजेती आणि पायऱ्या

२०१३ साली 'सिल्व्हर लाइनिंग्ज प्लेबुक'साठी जेनिफर लॉरेन्सचे नाव पुकारले गेले. वय अवघे २२. अंगावर डिऑरचा घेरदार फिकट गुलाबी गाऊन. मंचाच्या पायऱ्या चढताना तिचा पाय गाऊनमध्ये अडकला आणि ती पायऱ्यांवरच कोसळली. अभिनेता ह्यू जॅकमन मदतीला धावला. पण तोवर ती सावरून वर पोहोचलीही होती. सारे प्रेक्षागृह उभे राहून टाळ्या वाजवू लागले, तेव्हा तिने हसत हसत सांगून टाकले की, मी पडले म्हणून कीव येऊन तुम्ही उभे राहिलात! नंतर पत्रकारांनी, नेमके काय झाले, असे विचारताच तिने आपल्या गाऊनकडेच बोट दाखवले. असा पोशाख घालून जिने चढून पाहा, म्हणजे कळेल, असाच तिचा रोख होता.

योगायोग असा की २०२४ साली एमाची चेन तुटली तेव्हा मंचावर उभ्या असलेल्या पाच जणींत जेनिफरही होती. दुसऱ्याचे दुःख कळायला आधी स्वतः ठेच खावी लागते, ती तिने खाल्लेलीच होती.

जेव्हा कपडेच नव्हते

१९७४ च्या सोहळ्यात तर कहर झाला. सूत्रसंचालक डेव्हिड निव्हन एलिझाबेथ टेलरला मंचावर बोलावण्याच्या बेतात असताना त्यांच्या मागून एक तरुण संपूर्ण नागव्याने धावत गेला. दुसरा कुणी असता तर त्याची बोबडी वळली असती. निव्हन मात्र शांत राहिले. या गृहस्थाला आयुष्यात लोकांना हसवायचे असेल, तर कपडे उतरवून आपले उणेपण दाखवण्यावाचून त्याच्यापाशी दुसरे काही नाही, अशा अर्थाचा शेरा त्यांनी मारला आणि हशा पिकला.

या प्रसंगाला ५० वर्षे झाली म्हणून २०२४ साली त्याची मुद्दाम नक्कल करण्यात आली. कुस्तीपटू आणि अभिनेता जॉन सीना केवळ एक मोठा लिफाफा पुढे धरून मंचावर आला आणि त्याच्या हस्ते द्यायचा पुरस्कार होता सर्वोत्कृष्ट वेशभूषेचा! त्याला चटकन एका कापडात गुंडाळण्यात आले. पुरस्कार गेला होली वॉडिंग्टन यांना, तोही 'पुअर थिंग्ज'मधल्या पोशाखांसाठीच. ज्या चित्रपटाच्या कपड्यांना बक्षीस, त्याच्याच नायिकेचा गाऊन त्याच रात्री फाटला.

टीका कुणावर?

फजिती न होताही टीका झेलावी लागणाऱ्या कमी नाहीत. २००१ साली आइसलँडची गायिका ब्योर्क गळ्याभोवती हंसाची मान वळवलेला पांढरा पोशाख घालून आली. बहुतेक समीक्षकांनी तिला वाईट पोशाखांच्या यादीत टाकले. तोच पोशाख २०१५ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयातील प्रदर्शनात मांडला गेला. १९९५ साली वेशभूषाकार लिझी गार्डिनर हिने २५४ क्रेडिट कार्डे जोडून बनवलेला पोशाख घातला आणि त्यातच वेशभूषेचे ऑस्कर स्वीकारले. लोक हसले, पण विसरले नाहीत.

अभिनेत्रींनाही आता याचा कंटाळा आला आहे. २०१४ च्या एका सोहळ्यात कॅमेरा आपल्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळतो आहे हे लक्षात येताच केट ब्लँचेट खाली वाकली आणि पुरुषांच्या बाबतीतही तुम्ही असेच करता का, असे तिने कॅमेऱ्यालाच विचारले. २०१५ मध्ये रीज विदरस्पूनने, आम्हाला कपड्यांखेरीज इतरही प्रश्न विचारा, या मोहिमेला पाठिंबा दिला. प्रश्न रास्तच आहे. पुरुष काळा सूट आणि बो टाय घालून वर्षानुवर्षे येतात. त्यात बसता येते, धावता येते, जिनाही चढता येतो. बाईने मात्र श्वास रोखून तीन-साडेतीन तास बसायचे आणि वर हसायचेही!

चेन का तुटते?

शिवणकाम जाणणाऱ्या कुठल्याही गृहिणीला याचे उत्तर ठाऊक आहे. उभे राहून अंगासरशी माप घेतलेला कपडा बसल्यावर कमरेला ताणतो. कमरेपाशी कापडाचे थर आणि शिवण जाड असते. कापडात लपणारी चेन नाजूक दातांची. नेमका तिथेच ताण पडला की दाते सुटतात. म्हणून ब्लाऊज किंवा ड्रेसची ट्रायल घेताना फक्त आरशासमोर उभे राहू नये. बसून, वाकून, हात वर करून आणि दोन पायऱ्या चढूनही पाहावे. चेनच्या वरच्या टोकाला एक हुक असलेला बरा. पर्समध्ये सुई-दोरा आणि चार सेफ्टी पिना असाव्यात. हॉलिवूडच्या तारकांबरोबरची माणसेही याहून फार वेगळे काही बाळगत नाहीत.

ज्या मंचावर या साऱ्या फजित्या झाल्या, तिथे भारताला पहिले ऑस्कर मिळाले तेही कपड्यांसाठीच, आणि ते मिळवले कोल्हापूरच्या भानू अथैया यांनी. 'गांधी' चित्रपटाच्या वेशभूषेसाठी जॉन मोलो यांच्यासह १९८३ साली त्यांना हा सन्मान मिळाला. कपडा अंगावर शोभावा, पण माणसाच्या आड येऊ नये, याचा धडा त्या चित्रपटातल्या साध्या सुती वस्त्रांतून मिळतो.

हसावे की रागवावे?

२००६ साली मुंबईतील एका फॅशन सप्ताहात चालता चालता एका मॉडेलचा पोशाख खांद्यावरून घसरला. तिने शांतपणे हाताने तो सावरला आणि चाल पूर्ण केली. पण बाहेर एवढा गदारोळ उठला की राज्य सरकारने पोलिसांकरवी चौकशी करवली. निष्कर्ष काय, तर तो अपघातच होता. तिच्या प्रसंगावधानाचे कौतुक करायचे सोडून लोक तिच्या हेतूवर संशय घेत बसले.

लग्नाच्या मांडवात एखाद्या सुनेचा पदर पायात येतो, निऱ्या सुटतात, ब्लाऊजचा हुक तुटतो. ती बिचारी शरमेने अर्धमेली होते. अशा वेळी चारचौघांत कुजबुजणाऱ्या बायका कमी नसतात. त्यांच्यातलीच एखादी झटकन उठून तिच्या पाठीशी उभी राहते, स्वतःच्या पदराची पिन काढून तिला लावते आणि हसून म्हणते, 'झालं गं, कुणाला कळलंसुद्धा नाही.' कपडा कुणाचाही फाटू शकतो, तेव्हा पिन घेऊन पुढे येणारी ही बाईच खरी घरची.