आधी डोंगर पकडा, मग गणित सोडवा

पावसाळाभर जव्हार-मोखाड्याचे डोंगर धुक्यात असतात. दसऱ्याच्या सुमारास आकाश निवळतं आणि दरीपलीकडची रांग स्वच्छ दिसू लागते. दहावीचा भिंगांचा धडा शिकवायला याहून चांगलं साहित्य शहरातल्या शाळांनाही मिळत नाही.

खिडकीसमोर कोरा कागद धरायचा आणि मध्ये बहिर्वक्र भिंग पुढेमागे करायचं. एका जागी समोरचा डोंगर कागदावर उमटतो, इवलासा आणि उलटा. भिंगापासून कागदापर्यंतचं अंतर पट्टीने मोजलं की नाभीय अंतर मिळालं. समजा, ते १० सेंमी भरलं. डोंगर नसेल तर १० मीटरवरचं आंब्याचं झाडही चालेल. त्याची प्रतिमा १०.१ सेंमीवर पडते, चूक जेमतेम १ मिमीची.

आता सूत्र. प्रतिमेच्या अंतराच्या व्यस्तांकातून वस्तूच्या अंतराचा व्यस्तांक वजा केला की नाभीय अंतराचा व्यस्तांक येतो. अंतरं भिंगाच्या मध्यापासून मोजायची. प्रकाश जातो त्या दिशेची धन, उलट दिशेची ऋण. म्हणून भिंगापुढे १५ सेंमीवर ठेवलेली मेणबत्ती उणे १५ वर असते. १/१० − १/१५ = १/३०, म्हणजे प्रतिमा पलीकडे ३० सेंमीवर, दुप्पट मोठी आणि उलटी.

मुलं अडखळतात ती या उण्यापाशी. ते विसरलं की वजाबाकीची बेरीज होते आणि उत्तर ६ सेंमी येतं. आकडेमोड बिनचूक असते, म्हणून शंकाही येत नाही. पण ज्याने डोंगर कागदावर पकडला आहे त्याला ती यायलाच हवी. इतक्या दूरच्या डोंगराची प्रतिमा १० सेंमीवर पडली. वस्तू जवळ आणली की प्रतिमा भिंगापासून आणखी लांब सरकते. बहिर्वक्र भिंगाची पडद्यावरची प्रतिमा नाभीच्या अलीकडे येऊच शकत नाही. ६ हे उत्तर अशक्य आहे, हे वही न उघडता सांगता येतं.

मेणबत्ती ५ सेंमीवर आणली तर १/१० − १/५ = −१/१०. इथलं उणं मात्र बरोबर आहे. प्रतिमा मेणबत्तीच्याच बाजूला १० सेंमीवर असते, सुलटी आणि दुप्पट. भिंगातून ती दिसते, कागदावर मात्र कधीच सापडत नाही. हातभिंगातून बारीक अक्षरं वाचतो ती अशीच.

चिन्हांचे नियम पाठ करून घेण्यावर माझा विश्वास नाही. आश्रमशाळांतल्या शिक्षकांना एवढीच विनंती: पहिलं गणित फळ्यावर मांडण्याआधी प्रत्येक मुलाच्या हाती एकदा भिंग द्या. भिंग नसेल तर आजीचा वाचायचा चष्मा आणा. +२ नंबरच्या काचेतून डोंगर ५० सेंमीवर उमटतो. आणि भिंगातून सूर्याकडे कुणी पाहणार नाही, एवढी काळजी घ्या.