माळवदाची माती आणि लडाखची भाजी

बालाघाटच्या डोंगरात वसलेल्या धारूरसारख्या मराठवाड्यातील जुन्या गावांत माळवदाची घरे दिसतात. दगडमातीच्या जाड भिंती, वर लाकडी तुळया व फळ्या आणि त्यांवर मातीचा थर. उन्हाळ्यात शेजारचे पत्र्याचे घर भट्टीसारखे तापते, पण माळवदाखाली गारवा असतो. अशीच मातीची भिंत लडाखमध्ये उलट काम करते; तेथे ती ऊब राखते! हे कसे?

लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. हिवाळ्यात रात्री पारा शून्याखाली २० अंशांपर्यंत उतरतो. बर्फाने घाट बंद पडले, की ताजी भाजी दुर्मीळ होते. ऊन मात्र लख्ख असते. त्या उन्हावरच तेथील शेतकरी हरितगृहात पालक, कोथिंबीर पिकवतात. सरपण जाळावे लागत नाही.

२२ डिसेंबरला लेहमध्ये भर दुपारी सूर्य दक्षिण क्षितिजापासून जेमतेम ३२ अंश वर असतो. म्हणून हरितगृहाची लांब बाजू दक्षिणेकडे ठेवून तिच्यावर पारदर्शक प्लॅस्टिक ताणतात. ऊन आत येते, पण तापलेली हवा बाहेर निसटत नाही. उरलेल्या तीन बाजूंना मातीच्या भिंती असतात.

आता खरा प्रश्न रात्रीचा. भिंतीला दोन कामे करायची असतात: उष्णता साठवणे आणि ती बाहेर जाऊ न देणे. एक लिटर पाणी १ अंशाने तापवण्यास १,००० कॅलरी लागतात. तेवढ्याच आकारमानाच्या काळ्या दगडाला सुमारे ६००, तर मातीच्या विटेला सुमारे ३५० कॅलरी पुरतात. म्हणजे साठ्यात दगड मातीहून सरस; पण त्यातून उष्णता लवकर वाहून जाते. गवताच्या पेंढ्यात साठा नगण्य, परंतु त्यात अडकलेली हवा उत्तम दुर्वाहक! म्हणून आत विटांची जाड भिंत, मध्ये पेंढा आणि बाहेर दुसरी भिंत अशी रचना करतात. पेंढा मात्र कोरडा हवा. भिजला, की हवेची जागा पाणी घेते आणि उष्णता निसटते. प्लॅस्टिकमधूनही रात्री पुष्कळ उष्णता जाते, म्हणून सूर्यास्तानंतर त्यावर जाड आच्छादन ओढतात.

माळवदाचे कोडे आता सुटेल. दुपारचे ऊन जाड मातीतून आत पोचायला कित्येक तास लागतात. तोवर रात्र होते. पत्रा पातळ आणि सुवाहक असल्याने तो उष्णता साठवतही नाही आणि अडवतही नाही.

मित्रांनो, एक प्रयोग करा. दोन सारखे खोके घ्या. एकात काळा रंग दिलेली पाण्याची भरलेली बाटली ठेवा, दुसरे रिकामे ठेवा. दोन्हींवर काच ठेवून ती उन्हात ठेवा. दुपारी व सूर्यास्तानंतर दर अर्ध्या तासाने आतील तापमान नोंदवा. दुपारी कोणता खोका अधिक तापला? रात्री कोणता उबदार राहिला? दोन्ही उत्तरे एकच का नाहीत, हे समजले, की घर बांधताना पत्रा घ्यावा की माती, हे तुम्ही स्वतःच ठरवू शकाल.